चिंचखारच्या शिवेचा धोंडा

मी चिंचखारच्या शिवेचा धोंडा बोलतोय. या, बसा. माझ्यावर नको, मी ओला आहे. आत्ताच सोनूबाईने माझ्यावर गोधड्या आपटल्यात, तोंडाला अजून साबण आहे. एके काळी माझ्यापाशी गावदेवीची पालखी वळायची. आता धुणं पडतं. हसा, खुशाल हसा.

जन्म सांगायची रीत आहे म्हणून सांगतो. मी डोंगरातला काळा कातळ. कुणीतरी फोडला, बैलगाडीत घातला आणि चिंचखार न् पिंपळोशीच्या मध्ये, भातशेतीच्या बांधावर उभा पुरला. का, तर दोन गावांत भांडणं नकोत. झालं, तेव्हापासून सगळी भांडणं माझ्यापाशी येऊनच होऊ लागली.

माझं काम सोपं होतं, हलायचं नाही. वरात शीव ओलांडताना माझ्यावर नारळ फोडायची. सोनूबाई अशीच आली. पिंपळोशीची लेक, चिंचखारची सून. तिच्या नवऱ्याच्या हातून नारळ काही फुटेना. आपटून आपटून गडी घामाघूम झाला. शेवटी नवरीनेच पदर खोचला आणि फोडला. तेव्हाच म्हटलं, हिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

तिचं घर माझ्या अंगाला लागून, गावातलं अगदी शेवटचं. चैत्रात पालखी गावभर फिरून तिच्या दारी यायची. सोनूबाई ओटी भरायची, माझ्यावर शिवेचा नारळ फोडायची, मग पालखी माघारी वळायची. शेवटच्या घराचा मान तो. पुढे नवरा गेला, मुलगा पनवेलला बिऱ्हाड करून राहिला. मान तेवढा तिच्याजवळ उरला, आणि तो ती जिवापाड जपायची.

मग बांधावर टॉवर उगवले. नाव ‘सागरदर्शन’. सागर कुठला दिसतोय! बंदराकडे जाणारे कंटेनर दिसतात. पण ‘कंटेनरदर्शन’ म्हटलं तर फ्लॅट कोण घेईल? त्यात हे टॉवर बरोबर माझ्या शिवेवर. माणूस जेवायचा चिंचखारात आणि हात धुवायचा पिंपळोशीत. कचरा उचलायची वेळ आली की दोन्ही ग्रामपंचायती म्हणायच्या, “तो त्यांचा.” निवडणूक आली की दोन्ही म्हणायच्या, “आपलीच माणसं!”

शेवटी वर अर्ज गेले आणि साहेबांनी नवी हद्द ठरवली, टॉवरच्या अलीकडचा डांबरी रस्ता. रस्त्यापलीकडचं सगळं पिंपळोशीचं. टॉवर गेले ते गेले, सोबत सोनूबाईचं घरही गेलं. नकाशावर ते दिसलंच नसेल. माशी बसलीय म्हणून साहेबांनी फुंकर मारली असेल.

मोजणीवाल्यांनी रस्त्याकडेला सिमेंटचा खांब पुरला आणि मला पहारीने उपटून गटाराशी लोटलं. खांब तो केवढा, माझ्या कमरेलाही येत नाही. जाऊ दे, मी कुणाला नावं ठेवत नाही.

सोनूबाईचा धाकटा भाऊ हरेश्वर पिंपळोशीचा सरपंच. तो मिशीवर हात फिरवत आला. “ताई, बघ, माहेरात आलीस! उद्याच तुला नळ जोडून देतो.”

“जळ्ळा तुझा नळ!” सोनूबाई कडाडली. “अरे, नवऱ्यानं कधी मला माहेरी धाडली न्हाय, सासूनं धाडली न्हाय, आन् आता म्हातारपणी सरकारनं धाडली! माहेरी चार दिवस जायचं असतं, नांदायला न्हाय.”

हरेश्वरला वाटलं होतं, ताई खूश होईल. त्याचा मिशीवरचा हात खाली आला.

“आन् पालखी रे?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “चिंचखारची पालखी शीव ओलांडत न्हाय. माझ्या दारी आता कशी येल ती?”

हरेश्वर खांबाकडे बघत बघत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने टॉवरच्या वॉचमनला चहा पाजला आणि त्याच्याकडून मला लोळवत अंगणातल्या मोरीत आणवलं. म्हणाली, “धुण्याला बरा हाय.” मला फार लागलं ते. जन्मभर शीव राखली आणि शेवटी नशिबात गोधड्या!

चैत्र आला. ढोल वाजत वाजत पालखी रस्त्यापर्यंत आली आणि खांबापाशी थांबली. पुढे पालखीचा मानकरी सदूबुवा. समोर आपल्या दारात सोनूबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, हातात ओटीचं ताट. मोरीच्या कुडाला फट आहे, तिच्यातून मी सगळं बघत होतो. ताटातला खण ती पुन्हा पुन्हा नीट करत होती.

“वयनी, रागावू नको,” सदूबुवा म्हणाला. “रीत तुला ठावं हाय. पालखी शिवेच्या दगडापर्यंतच.”

“व्हय. मोडू नको रीत. दगडापर्यंत ये.”

“मग हा काय,” त्याने खांबाला हात लावला.

“ते सिमेंट! त्याच्यावर तुझ्या वरातीनं नारळ फोडला व्हता काय? आपल्या वाडवडिलांनी पुरला तो दगड माझ्या मोरीत हाय. तिथवर ये.”

ढोल बंद पडला. सदूबुवाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. अगं बाई, मला साधा धोंडा समजलीस असं वाटून मी तुझ्यावर रुसलो होतो की गं!

“देवी आन् मोरीत?” सदूबुवा पुटपुटला.

“का? बाईमाणूस हाय ती. मोरी काय तिला नवी हाय?”

आधी खांदेकरी हसले. मग सदूबुवाही हसला. ढोलवाल्याने दणका दिला आणि पालखी रस्ता ओलांडून आली. टॉवरच्या बाल्कन्यांत मोबाईल वर झाले. सोनूबाईने बादली ओतून माझा साबण धुतला, हळदकुंकू लावलं, पदर खोचला आणि नारळ एका फटक्यात फोडला. नारळाचं पाणी अंगावरून ओघळलं तेव्हा मी रडत होतो. पाण्यात ते कुणाला कळलं नाही, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी हरेश्वर पुन्हा आला. या खेपेला मिशीवर हात नव्हता. दाराबाहेर चपला काढल्या, साडी पुढे केली आणि म्हणाला, “ताई, न्यायला आलोय. चार दिवस माहेरी चल.”

सोनूबाईने डोळे पुसले आणि पिशवी भरली. निघताना मोरीत डोकावून मला म्हणाली, “येईपर्यंत शीव सांभाळ रे. सासर हाय माझं.”

मी सांभाळली. काल ती परत आली, म्हणून आज एवढं धुणं. कागदावर तिचं घर आजही पिंपळोशीत आहे. असू दे. फक्त साहेबांना माझा एक निरोप सांगा. रेघ पुन्हा हलवायची झाली तर खुशाल हलवा, मी इथेच सापडेन. पण आत येण्याआधी जरा खोकत या. बाईमाणसाची मोरी आहे.