टिटवीची पातेली

मित्रांनो, मी दांड्याची एक जुनी पातेली आहे. माझं बूड काळं पडलं आहे. दांड्याचे खिळे माझ्याच वयाचे, फक्त एक नवा आहे. त्या नव्या खिळ्यावर माझा फार जीव आहे.

कारखान्यात एका पत्र्यातून मला दाबून काढलं, घासून चकचकीत केलं आणि दुकानाच्या फळीवर उपडं ठेवलं. तिथून एका बसचालकाने मला घरी आणलं. त्याची बायको घरी कपडे शिवायची, धाकटी बहीण लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नुकतंच घरात बाळ आलं होतं. दिवसभर हसणारी ती पोर दिवे मालवले की सूर लावायची, म्हणून बाबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं.

आधी सगळ्यांनी कौतुक केलं. मग एका सकाळी भरलेली बस सिग्नलला उभी असताना बाबांचा डोळा लागला. मागच्या गाड्यांच्या भोंग्यांनी ते दचकून जागे झाले. घरी येऊन म्हणाले, "आज गाडी उभी होती. चालत असती तर?" त्या दिवशी कुणाला घास गोड लागला नाही.

आई आठ महिन्यांच्या बाळाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "औषध नको," त्या म्हणाल्या. "निजायच्या जरा आधी ओट्सची पातळ लापशी द्या, केळं कुस्करून. पोट शांत असलं की झोपेला मदत होते. पण थोडीच द्या हं." आईने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं आणि तिथेच घोळ झाला.

बाळाचं अन्न माझ्यातच शिजवायचं, असा आईचा दंडक होता. संध्याकाळी ती लापशी करायची, भरवायची, मला घासून खुंटीला टांगायची आणि मशीनवर बसायची. मग लॉन्ड्रीतून आत्या यायची. वहिनी कामाच्या नादात विसरली असणार, असं वाटून ती मला खाली काढायची. शेवटी बाबा यायचे. दोघी दमल्या असतील म्हणून तेही ओट्स शिजवायचे. टिटवी काय, चमचा दिसला की आ करायची. तिघेही मला लख्ख घासून जागेवर ठेवायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागेना. ओट्सचा डबा लवकर रिकामा व्हायचा, तर आई दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची.

टिटवीचं पोट टम्म फुगायचं आणि रडणं आणखी वाढायचं. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कशी? खुंटीवर लटकून मी नुसती ऐकत राहायचे.

एका संध्याकाळी भरवून झाल्यावर आई मला घासत होती, तर दांडाच तिच्या हातात आला. तिने मला लगोलग भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे पोचवलं. नवा खिळा मिरवत मी दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा घरात नवल चाललं होतं. टिटवी रात्रभर गाढ झोपली होती.

"काल पातेली नव्हती म्हणून मला लापशी करता आली नाही," आत्या म्हणाली. "तरी कशी झोपली गं, वहिनी?"

"तू कशाला करायची? मी भरवते ना रोज."

बाबा दारात बूट काढत होते. ते तसेच थांबले. "तुम्ही दोघी भरवता? मग मी रोज काय करतोय?"

तिघेही पोट धरून हसले. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरू सांगत होतं गं, पोट दुखतंय म्हणून," ती म्हणाली.

तेव्हापासून घरात रीत पडली. भरवून झालं की मला खुंटीला टांगायचं नाही. ओट्यावर ठेवायचं आणि आत चमचा. चमचा दिसला की बाळ जेवलं असं समजायचं. बाबांची बस नंतर कधी सिग्नलला झोपली नाही.

आता आई नाही, आत्याही नाही. त्यांचे हात मला अजून आठवतात. मित्रांनो, तुमच्या घरातही माया करणारे हात पुष्कळ असोत, पण त्या हातांनी एकमेकांना विचारावं, एवढंच माझं मागणं आहे.

बाबा फार थकलेत. त्यांना झोप येत नाही, आणि जेवल्याचंही आठवत नाही. मोठी झालेली टिटवी संध्याकाळी माझ्यात पातळ लापशी करते, केळं कुस्करते, त्यांना भरवते. थोड्या वेळाने ते भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात येतात.

"माझी लापशी राहिली का गं?"

"बाबा, पातेलीत बघा."

ते वाकून माझ्यात बघतात. चमचा दिसतो. मग समाधानाने मान हलवतात आणि झोपायला जातात.