तिसरा नमुना

२७ फेब्रुवारी २०२३. आभाळ निरभ्र, सकाळी थोडी थंडी, दुपारी ऊन कडक, वारा नाही. त्या दिवशी दुपारी दोन वाजता निलंगा तालुक्यातल्या चिंचोडी गावात मला टेम्पोतून उतरवलं. मी डाळमिल बोलतेय. लहान आहे, दोन अश्वशक्तीच्या मोटरीवर चालते, एका खोलीत मावते.

माझे भाग लातूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये जोडले गेले. वर तूर ओतायचं चौकोनी तोंड, मध्ये खरबरीत रोलर, खाली तीन चाळण्या, बाजूला टरफल उडवणारा पंखा. शेवटी हिरवा रंग दिला. त्याच शहरात मोठ्या डाळमिली आहेत. माझ्यासारख्या पन्नास त्यांच्या एका कोपऱ्यात मावतील. त्यांच्याशी माझी कुणी तुलना केली नाही, मीही केली नाही.

चिंचोडीत मला आणलं ते अकरा बायांच्या गटासाठी. तोवर या गावची तूर पोत्यात भरून मोंढ्याच्या घाऊक बाजारात जायची आणि तिचीच डाळ होऊन किराणा दुकानातून परत यायची. आता गटानं डाळ करायची, निलंग्याच्या शेतकरी कंपनीनं ती गोळा करायची आणि पुण्याच्या एका कंपनीनं गावाचं नाव छापलेल्या पिशवीत विकायची, असं तिघांचं ठरलं होतं. पण आधी तीन नमुने द्यायचे. तिन्ही पास झाले तर तीन वर्षांचा करार, आणि मी कायमची चिंचोडीची. एक जरी नापास झाला तर मी यादीतल्या पुढच्या गटाकडे, म्हणजे भोकरला. हे कागदावर लिहिलेलं होतं. गटाच्या अध्यक्ष सिंधुताईंनी तो कागद माझ्यासमोरच्या भिंतीला खिळ्यानं लावला होता, त्यामुळे मला तो रोज दिसायचा.

मला चालवायला पंचफुलाला नेमलं. वय अडतीस, घरची दीड एकर जमीन, बाकी वर्षभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी. लातूरला तीन दिवस शिकून आली होती. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी तूर पाठवली नाही. पंचफुलाचा हात लागलेली डाळ त्यांना नको होती, असं कानावर आलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचीही पोती आली.

पंचफुला माझ्याशी बोलायची नाही. अर्ध्या अर्ध्या तासानं माझ्या अंगावर तळहात ठेवून मी तापले का बघायची. एका वहीत तारीख, किती वेळ चालले, किती चुरा पडला, एवढं लिहायची. तूर एकदा रोलरमधून खरवडून निघाली की बाया ती भिजवून गच्चीवर दोन दिवस वाळवायच्या आणि पुन्हा माझ्याकडे आणायच्या. दुसऱ्या फेरीला डाळ पडायची. पिवळी, मळकट, कुठे कुठे टरफलाचा तांबूस ठिपका राहिलेली.

नियम सांगायला शेतकरी कंपनीचे दयानंद सर आले होते. तिशीतला माणूस, मोटारसायकलवर यायचा.

"पॉलिश बिलकुल नको," ते म्हणाले. "पाणी नको, तेल नको, पावडर नको. मशीनमधून पडली तशी पिशवीत."

"मग चमकंल कशी ओ सर?" गुरम्मानं विचारलं. ती औरादकडची, माहेर कर्नाटकातलं.

"चमकायचीच न्हाई."

"अय्यो! असली काळवंडलेली डाळ पुण्याच्या बाया घेत्यात? आमच्या दुकानदाराला दाखवली तर पिशवीसकट रस्त्यावर फेकंल."

"तुमचा दुकानदार चमकवलेली खातो म्हणून तसा तेलकट दिसतो," दयानंद सर म्हणाले, आणि बाया खूप वेळ हसल्या.

गटातल्या सगळ्यांत वयस्कर तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे गिऱ्हाइकाला फसवायला काय लावायचं न्हाई. कळलं. त्ये काम आपलं नव्हंच कवा."

"हाव मावशी, तेच," दयानंद सर म्हणाले.

पहिला नमुना एप्रिलमध्ये गेला, पास झाला. दुसरा मे महिन्यात गेला. चुरा थोडा जास्त असल्याचा शेरा आला, तोही पास झाला. तिसरा नमुना वेगळा होता. पावसाळ्यात डाळ कशी टिकते हे पुण्याच्या कंपनीला बघायचं होतं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीस किलो डाळ करून, पत्र्याच्या चार कोठ्यांत भरून, दीड महिना गावातच ठेवायची आणि २० जुलैला पाठवायची होती. डाळ मी ७ जूनला केली. त्या दिवशी ऊन चांगलं होतं. चुरा त्या हंगामात सगळ्यांत कमी पडला. पंचफुलानं वहीत तो आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

कोठ्या माझ्याच खोलीत ठेवल्या. राखायची पाळी तुळजाबाईंची होती.

३ जुलै. दिवसभर झिमझिम, हवा दमट, भिंतींना ओल. सकाळी अकराच्या सुमारास तुळजाबाई कमरेला लहान बाटली खोचून आल्या. पहिली कोठी जमिनीवर पसरलेल्या धुतलेल्या लुगड्यावर ओतली. तळहातावर एरंडेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांना चोळले आणि डाळीतून फिरवू लागल्या. वरची खाली, खालची वर. हात कोरडे झाले की पुन्हा चार थेंब. घाई नव्हती. एकेक दाणा हातांतून गेला असेल.

गुरम्मा दारात छत्री झटकत थांबली. "काय चाललंय मावशी?"

"हवा बघ न कशी हाय. किड्याची जाळी धरायला दोन दिवस पुरे हायत. लेकीला देगलूरला धाडते तशी करून ठेवते. तिची डाळ वरीसभर तशीच ऱ्हाती."

"बरं केलं बघा. पुण्यात एक किडा निघाला तर गावाचं नाव जाईल."

"मग! नाव छापलंय त्यांनी."

गुरम्मा निघून गेली. तुळजाबाईंनी चारही कोठ्या केल्या, झाकणं लावली, झाकणांभोवती कापड बांधलं. मला एरंडेलाचा वास येत होता. मी सहा फुटांवर होते. यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही. या गावात डाळ अशीच ठेवतात.

२० जुलैला सिंधुताईंच्या घरी पिशव्या भरल्या गेल्या. तीन कोठ्यांतच नमुना पुरा झाला, चौथी बांधलेलीच राहिली.

४ ऑगस्ट. ढगाळ, पाऊस नाही. दयानंद सर आले. हातात एकच कागद होता. नमुन्यात तेलाचा अंश आढळला, नमुना नापास. कुठलं तेल ते कागदावर नव्हतं. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मशीनचं तेल उतरलंय. बेअरिंगमधून गळालं असणार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पंचफुलाकडे.

"मशीनला तेल कवा घालतीस गं तू?" सिंधुताईंनी विचारलं.

"शनिवारी. बाहीरच्या बाजूनं. आत लागत न्हाई त्ये."

"लागत न्हाई तर आलं कुठून?"

पंचफुलानं पदर खोचला. पाना आणला आणि तिथंच मला उघडलं. एकेक भाग पांढऱ्या फडक्यानं पुसून फडकं सरांपुढे धरलं. रोलर, चाळणी, बेअरिंगची आतली बाजू. फडक्याला डाळीची पिवळी पूड लागली, दुसरं काही नाही. चाळीस मिनिटं लागली. सगळे उभे होते.

"आज कोरडं हाय, ताई," दयानंद सर हळू आवाजात म्हणाले. "जूनमध्ये कोरडंच होतं हे मी कसं लिहू?"

कोपऱ्यात बसलेल्या तुळजाबाई म्हणाल्या, "मशीनचं तेल काळं असतंय गं माय. खाल्लं तर पोट बिघडंल माणसाचं." त्यांना खरंच काळजी वाटत होती.

पंचफुलानं मला पुन्हा जोडलं. नटांत एकही चूक केली नाही. मग खोलीची किल्ली सिंधुताईंच्या हातात दिली, वही माझ्यावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती खुरपणीला जाऊ लागली. रस्ता माझ्या खिडकीवरून जातो. ती सकाळी जाताना दिसायची, संध्याकाळी येताना दिसायची. खिडकीकडे बघायची नाही. मी बंद होते. बंद असताना मला दिवस मोजता येतात, त्यापलीकडे काही करता येत नाही. पंधरा दिवस मोजले.

१९ ऑगस्ट. कोरडं ऊन. उरलेली चौथी कोठी अकरा घरांत वाटून घ्यायची म्हणून सगळ्या जमल्या. पंचफुलाही आली, वाटा तिचाही होता. सिंधुताईंनी मापानं तिच्या पदरात डाळ घातली. पंचफुलानं चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"हे एरंडेल हाय."

"मग?" तुळजाबाई म्हणाल्या. "एरंडेलच हाय. म्याच लावलं की, चारी कोठ्यांला."

सिंधुताईंच्या हातातलं माप थांबलं.

"मी बी बघितलं लावताना," गुरम्मा म्हणाली.

"मग सांगितलं का न्हाई तू?" सिंधुताईंनी विचारलं.

"काय सांगू अक्का? सर मशीनचं, मशीनचं म्हणत व्हते. डाळीला एरंडेल लावलं हे काय सांगायची गोष्ट हाय? तू लावत न्हाईस घरी?"

सिंधुताईंनी माप खाली ठेवलं. त्याही लावतात. तुळजाबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"म्हंजे त्या कागदात हेच तेल व्हतं?"

सिंधुताईंनी मान डोलावली.

"मी चमकवायला न्हाई लावलं," तुळजाबाई म्हणाल्या. "टिकावी म्हून लावलं." मग पंचफुलाकडे वळून म्हणाल्या, "आन् तू गं? तू पंधरा दिस कशी गप ऱ्हाइलीस?"

"मला बी वाटायलं व्हतं मशीनचंच असंल म्हून," पंचफुला म्हणाली. "शेवटी शेवटी मला माझाच शक यायला लागला."

पदरातली डाळ तिनं बांधली. तुळजाबाई उठायला लागल्या. पंचफुलानं त्यांना दंडाला धरून उभं केलं.

दोन दिवसांनी सिंधुताईंनी शेतकरी कंपनीला पत्र लिहिलं. तेल एरंडेलाचं होतं, ते आम्हीच हातानं लावलं, मशीनचा आणि चालकाचा दोष नाही, चौथा नमुना घ्यावा. अकराही जणींच्या सह्या झाल्या. तुळजाबाई अंगठा लावायच्या, त्या दिवशी त्यांनी सही केली. अक्षरं मोठी आली.

उत्तर ८ सप्टेंबरला आलं. सिंधुताईंनी ते खोलीत वाचून दाखवलं. खुलासा मिळाला. चालकाविरुद्धचा शेरा काढून टाकला आहे. अट तिन्ही बाजूंनी मान्य केलेली असल्यानं चौथा नमुना घेता येणार नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती करून ठेवते. मी यंत्र आहे, मला एवढंच कळतं. कुणाला काही करू नका म्हणून सांगायला जाल तेव्हा आधी ते घरी काय करतात ते विचारा. दयानंद सर चांगले आहेत. त्यांनी विचारलं नव्हतं.

१२ सप्टेंबर. ढगाळ, दुपारनंतर उघडीप. मला टेम्पोत चढवलं. दोरखंड बांधायला अकरापैकी नऊ जणी होत्या. तुळजाबाई आल्या नाहीत. सिंधुताईंनी माझ्या तोंडावर गोणपाट बांधलं, त्यामुळे गाव जाताना दिसलं नाही. लोहा, नांदेड, मग भोकर. संध्याकाळी साडेसात वाजता उतरवलं.

भोकरच्या गटात मला चालवता येणारं कुणी नव्हतं. दयानंद सरांनी पंचफुलाला दोन दिवसांसाठी बोलावलं. ती २५ सप्टेंबरला तीन एसट्या बदलून आली. आल्या आल्या माझ्यावर तळहात ठेवला. मी गार होते, तरी ठेवला. मग समोर बसलेल्या बायांना नट, पट्टा, चाळणी काही न दाखवता तिनं विचारलं, "घरी डाळीला काय लावून ठेवता?"

"एरंडेल," तिघीचौघी एकदम म्हणाल्या.

"त्ये बी लावायचं न्हाई," पंचफुला म्हणाली, आणि का ते सांगायला तिनं अर्धा तास घेतला.

२६ सप्टेंबरला दुपारच्या गाडीनं ती परत गेली.

भोकरचे तिन्ही नमुने पास झाले. करार ६ ऑगस्ट २०२४ रोजी झाला. चिंचोडीच्या गटाचं नाव प्रतीक्षा यादीत चौदाव्या क्रमांकावर आहे.