ओल धरलेली पाठ

समोरून

मित्रांनो, मी जुने आहे हे माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या की तुम्हाला कळेलच. मी कपड्यांचे कपाट आहे. नेदरलँड्सच्या पूर्वेला, जर्मनीच्या सीमेजवळ एनस्खेडे नावाचे गाव आहे. तिथल्या एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवले. माझ्या दारांवर त्याने द्राक्षांचे घोस कोरले, पितळी मुठी बसवल्या आणि खाली एक खोल खण ठेवला. एकेका द्राक्षावर तो बोट फिरवून बघायचा. मला तेव्हापासून वाटत आले की मी सुंदर आहे.

पाठीमागून

पाठीला त्याने एक पातळ फळी ठोकली. तिला रंधाही मारला नाही. कपाटाची पाठ कोण बघणार?

मित्रांनो, म्हणून मला माझी गोष्ट एका दमात सांगता येत नाही. थोडी समोरून सांगते, थोडी पाठीमागून.

समोरून

मला ट्रूसबाईंनी विकत घेतले. त्या माझ्यात पांढऱ्या चादरी ठेवत. दर शनिवारी तेलाच्या फडक्याने माझी दारे पुसत. घरी आलेला पाहुणा माझ्यासमोर थांबून द्राक्षांना हात लावल्याशिवाय जात नसे. अशी माझी कितीतरी वर्षे सुखात गेली.

पाठीमागून

ट्रूसबाईंनी माझ्या पाठीला चार ठोकळे स्क्रूने बसवून घेतले होते. चार बोटे जाड असतील. भिंतीच्या आणि माझ्या मध्ये तेवढी फट राही. त्यांच्या मुलाचा चेंडू सारखा तिथे जाऊन अडके.

"आई, भिंतीला चिकटवून टाक ना ते कपाट."

"चेंडू काठीने काढ," त्या म्हणत. "बाहेरची भिंत आहे. हिवाळ्यात घाम येतो तिला. वारा लागू दे."

मला त्या फटीचा कंटाळा येई. तिथून सतत गार झुळूक फिरायची. ट्रूसबाई वारल्यावर मला जुन्या सामानाच्या दुकानात नेले, तेव्हाही ते ठोकळे माझ्या पाठीवर होते.

समोरून

त्या दुकानात रुचिर आणि भार्गवी आले. रुचिर पुण्याचा. इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करणारा. भार्गवी त्याची बायको. तिला सातवा महिना होता.

"ओक आहे, ओक," रुचिर माझ्यावर टकटक करत म्हणाला. "असं लाकूड आता मिळत नाही."

"लाकडाचं संशोधन कधीपासून सुरू केलंस?" भार्गवी म्हणाली. पण तिने द्राक्षांना हात लावला होता. मला कळले, मी विकले गेले.

त्यांचे घर म्हणजे विटांच्या जुन्या चाळवजा ओळीतले शेवटचे घर. भाड्याचे. मालकाने ते देण्याआधी सगळ्या भिंती नव्याने पांढऱ्या रंगवल्या होत्या. मला वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत नेले. तीच बाळाची खोली होणार होती.

पाठीमागून

खोली लहान. मी ठेवल्यावर पाळणा मावेना.

"हे ठोकळे कसले?" रुचिर म्हणाला.

"पॅकिंगचे राहिले असतील," भार्गवी म्हणाली.

त्याने चारही ठोकळे काढले. दोन ठोकळे कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या डगमगत्या पायाखाली सरकवले, बाकीचे फेकून दिले. मग खांदा लावून मला भिंतीला अगदी चिकटवले. पाळणा मावला. भार्गवीने टाळ्या वाजवल्या.

भिंत बर्फासारखी गार होती.

समोरून

डिसेंबरात भार्गवीची आई, कुमुदिनीबाई, बाळंतपणाला आल्या. त्यांच्या बॅगेत स्वतःचे कपडे थोडे आणि बाकी सगळे बाळाचे. कुंची, टोपडी, लंगोट. आणि दुपटी. स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची, हाताने शिवलेली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. ती त्यांनी माझ्या खालच्या खणात रचली आणि मध्ये वेखंडाची पुरचुंडी ठेवली.

मुलगी झाली. तिचे नाव ईशानी ठेवायचे ठरले. मित्रांनो, माझ्या खणातल्या कपड्यांवर पहिल्यांदाच एखादे बाळ निजणार होते. माझ्या दारांना त्या दिवसांत फार तोरा चढला होता.

या देशात बाळ झाले की आठवडाभर एक परिचारिका घरी येते. आमच्याकडे आली तिचे नाव मारियान. उंच, सायकलवरून येणारी, बूट दारात काढून मोज्यांवर वावरणारी. पहिल्या दिवशी ती खोलीत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली.

खिडकीच्या वरती हवा येण्यासाठी एक लांब जाळी असते. कुमुदिनीबाईंनी तिला चिकटपट्टी लावून ती बंद केली होती. खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबले होते. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर लंगोट वाळत होते, स्टँडवर दुपटी. बाळाला आंघोळ घालून झाली होती आणि खोलीत वाफ भरली होती. कोपऱ्यात ओवा आणि बाळंतशेपांची धुरी होती. त्या धुरीमुळे धुराची सूचना देणारे यंत्र आदल्या दिवशी कोकलले, म्हणून रुचिरने त्यातला सेल काढून ठेवला होता.

मारियानने आधी तो सेल परत बसवायला लावला. मग इंग्रजीत भार्गवीशी बोलली आणि खिडकी सताड उघडली.

"काय म्हणते ती?" कुमुदिनीबाईंनी बाळाला पदराखाली घेतले.

"म्हणते, रोज दोनदा तरी खिडकी उघडा. आणि ती जाळी बंद करायची नसते."

"तिला म्हणावं, ओली बाळंतीण आहे ही. कानात वारं गेलं तर जन्मभर डोकं धरून बसेल. त्यांच्याकडे बायका बाळंत होऊन सायकलवर घरी जातात, त्यांनी जावं."

"आई, हळू. शब्द नाही कळले तरी सूर कळतो तिला."

"कळू दे."

मारियान हसली. तिने बाळाचे वजन केले, सुरेख लिहून ठेवले, आणि जाताना नाक किंचित वर करून माझ्याकडे बघितले. पुन्हा हुंगले. भार्गवीला काहीतरी विचारले.

"कपाटाला कुबट वास येतोय म्हणते."

"वेखंड आहे ते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "त्यांना काय माहीत वेखंड."

मारियानची सायकल वळणावर दिसेनाशी झाली तशी खिडकी बंद झाली.

पाठीमागून

तुम्ही उन्हाळ्यात फ्रीजमधले गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओतले, तर पेला बाहेरून ओला होतो. पाणी पेल्यातून झिरपत नाही. ते हवेतले असते. गार पेल्याला लागले की थेंब होते.

त्या खोलीतला पेला म्हणजे माझ्या मागची भिंत.

आंघोळीची वाफ, लंगोटांचे पाणी, माणसांचे श्वास, सगळे माझ्या कडेने हळूच मागे येई आणि थंड भिंतीवर बसे. बाहेर पडायला जाळी नव्हती. वाळायला फट नव्हती. आधी मला नुसते गार लागले. मग ओले. मग एके ठिकाणी काहीतरी मऊ लागले, मखमलीसारखे. वाटले, भिंतीने मला अस्तर लावले.

ते अस्तर नव्हते. ती बुरशी होती. आधी करडी, मग हिरवट, मग काळी. ती माझ्या पातळ फळीवर चढली. फळीला रंधा मारलेला नव्हता, त्यामुळे तिला धरायला भरपूर जागा होती. मला तोंड नाही. दारे आहेत, पण ती समोर उघडतात.

समोरून

मारियानचे येणे संपले. बाराव्या दिवशी घरातल्या घरात बारसे झाले. रुचिरने मोबाइल उभा धरला आणि पुण्याहून आत्या ओरडली, "पाळणा हलवा रे, दिसत नाहीये काही." सगळे हसले. कुमुदिनीबाईंनी माझा खालचा खण उघडला, सगळ्यात जुने, सगळ्यात मऊ दुपटे तळातून काढले, ईशानीला त्यात गुंडाळले, तोंडाजवळची घडी नीट केली आणि

पाठीमागून

तळातले दुपटे मागे माझ्या पाठीच्या ओल्या फळीला टेकलेले होते.

समोरून

जानेवारीत ईशानी खोकू लागली. आधी थोडे. मग दूध पिताना मध्येच सोडून देऊ लागली. झोपेत तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज येई.

"त्या बाईने खिडकी उघडली होती, तेव्हाच बसली सर्दी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी लावली. धुरी वाढवली. ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली आणि बाळावर आणखी एक दुपटे घातले.

मित्रांनो, कुमुदिनीबाईंनी जे केले ते मायेने केले. मी रोज बघत होते. रात्री त्या पाळण्याशेजारी जमिनीवर झोपत, पाळण्याची दोरी मनगटाला बांधून.

एका सकाळी भार्गवीने बाळाची बंडी वर केली आणि रुचिरला हाक मारली. श्वास घेताना ईशानीच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि थेट मोठ्या रुग्णालयात पाठवले.

खोली रिकामी झाली. पाळण्याची दोरी लोंबत राहिली.

संध्याकाळी रुचिर एकटा परत आला. बाळाचे कपडे न्यायला. कुमुदिनीबाई खोलीतच बसून होत्या.

"ऑक्सिजन लावलाय," तो म्हणाला. "नाकात नळी आहे. विषाणू आहे म्हणाले, या दिवसांत असतोच. पण डॉक्टर विचारत होत्या, घरात कुठे ओल आहे का, बुरशी आहे का. अशा हवेत लहान बाळांचं दुखणं जास्त बळावतं म्हणे."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. सगळ्यात उबदार खोली आहे म्हटलं ती."

कुमुदिनीबाई उठल्या. "थांब. तिला तिचं दुपटं ने. तिथल्या चादरी खरखरीत असतील."

त्यांनी खण उघडला. वरची दुपटी बाजूला केली. तळातले एक काढून उजेडात धरले. त्याच्या एका कडेवर मोहरीच्या दाण्यांसारखे काळे ठिपके होते. त्यांनी ते नाकाशी नेले. वेखंडाच्या खाली दुसराच वास होता. मग त्यांनी खणात कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्या फळीला लावला.

हात ओला बाहेर आला. बोटांवर काळे होते.

"रुचिर, हे ओढ."

"आत्ता?"

"आत्ता ओढ."

पाठीमागून

दोघांनी मला ओढले. भिंतीवर मजल्यापासून माझ्या खांद्यापर्यंत काळे पसरले होते. माझ्या पाठीवरही तसेच. रुचिरने मोबाइलचा उजेड पाडला आणि एक शिवी दिली, कोणाला ते कळले नाही. नखाने त्याने पांढरा रंग खरवडला. रंगाखाली जुना काळा डाग होता. मालकाला माहीत होते.

कुमुदिनीबाई भिंतीकडे बघत नव्हत्या. त्या हातातल्या दुपट्याकडे बघत होत्या.

"हेच गुंडाळत होते मी तिला," त्या म्हणाल्या. "नाकापर्यंत."

रुचिरने खिडकीच्या फटीतले टॉवेल उपसायला सुरुवात केली.

समोरून

मालक फोनवर म्हणाला, तुम्ही घर नीट वापरत नाही. रुचिर म्हणाला, तुम्ही बुरशीवर रंग मारलात. दोघेही खोटे बोलत नव्हते. भिंत मात्र ओलीच होती.

ईशानी घरी आली. तिला आता दुसऱ्या खोलीत ठेवतात. तिचा श्वास अजून वाजतो. पुढे तिच्या छातीचे काय होईल, हे मोठी होईल तेव्हाच कळेल, असे डॉक्टर म्हणाल्या. सगळी दुपटी गेली. कुमुदिनीबाईंनीच ती काळ्या पिशवीत भरली, एकेक, घडी घालून. सकाळ-संध्याकाळ त्या स्वतःच खिडक्या उघडतात. बाळाला तेवढा वेळ खाली नेतात आणि स्वतः कानाला मफलर बांधून उघड्या खिडकीखाली बसून राहतात. कोणी बसायला सांगितलेले नाही.

"मागची फळी बदलली तर चालेल कपाट," रुचिर एकदा म्हणाला.

"नको," त्या म्हणाल्या. एवढेच.

आज सकाळी मला रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. मोठा कचरा नेणारी गाडी दुपारी येते. मला घराच्या विटांना टेकवून उभे केले, तोंड रस्त्याकडे. हिवाळ्यातले तिरके ऊन द्राक्षांवर पडले. मित्रांनो, मी सुंदर दिसत होते.

म्हणूनच ते दोघे थांबले. पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, पेटीत ब्लँकेटखाली त्यांचे दोन वर्षांचे मूल. बाईने द्राक्षांना हात लावला. पुरुषाने माझ्यावर टकटक केली, दार उघडून आत डोकावला आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे बघून माणूस जसा हसतो, तसा हसला. फोनवर तो कोणालातरी गाडी आण म्हणून सांगू लागला.

वरची खिडकी उघडीच होती.

कुमुदिनीबाई धावत बाहेर आल्या. साडीवर रुचिरचा कोट, पायात रुचिरचे बूट.

"नका नेऊ. नको, नको."

त्या दोघांना वाटले, कपाट यांचे आहे, द्यायचे नाही. "सॉरी, सॉरी," म्हणत ते मागे सरले. कुमुदिनीबाईंनी मान हलवली. तसे नाही. त्यांना डच येत नाही, इंग्रजीही बेताचे. त्यांनी एकदा त्या मुलाकडे बघितले, माझ्या कडेला खांदा लावला आणि ढकलले.

वळवल्यावर

विटांवर घासत, करकरत मी फिरले. जन्मात पहिल्यांदा माझ्या पाठीवर ऊन पडले.

पुरुषाने कानाचा फोन खाली घेतला.

कुमुदिनीबाईंनी मुलाकडे बोट केले. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडून श्वास घेतला, ईशानी घेत होती तसा. शिटी वाजेपर्यंत. एकदा, पुन्हा एकदा. "अशी," त्या मराठीत म्हणाल्या. "अशी घेत होती, बाई."

ती बाई सायकलकडे गेली आणि तिने मुलाचे ब्लँकेट सारखे केले. कुमुदिनीबाईंनी एक तळवा विटांसमोर उभा धरला, दुसऱ्या हाताची चार बोटे मध्ये आडवी घातली आणि दाखवले, एवढी जागा. बाईने मान डोलवली. तिने कुमुदिनीबाईंचा हात धरला, थोडा जास्त वेळ, आणि ते गेले.

कुमुदिनीबाईंनी मला परत वळवले नाही. द्राक्षे आता विटांकडे आहेत. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण माझी पाठ बघतो आहे. वळणावर गाडीचा आवाज येतो आहे, तेव्हा थोडक्यात सांगते.

मित्रांनो, थंडीत खिडकी थोडा वेळ उघडल्याने घर मोडत नाही. हवेची जाळी बुजवू नका. ओले कपडे बंद खोलीत वाळवू नका. कुबट वास आला तर त्यावर दुसरा वास टाकू नका, तो कुठून येतो ते शोधा. आणि आज घरी गेलात की कपाटामागे हात घालून बघा. हात आत जात नसेल, तर मोठ्या माणसांना हाक मारा.