तिसरी ओळ

उद्घाटनाला मी गेलो नव्हतो. पाय मुरगळला असं विश्वस्तांना कळवलं होतं, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून दोन दिवस घरातही लंगडलो. ‘डावा की उजवा ते तरी एकदा ठरवा,’ माझी बायको इला म्हणाली. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.

महिन्याभरानं, मंगळवार बघून, कोणी ओळखीचं भेटणार नाही अशा बेतानं मी नागपूरहून गाडी काढली आणि सिंदी रेल्वे या गावी गेलो. गावाबाहेर माळावर वास्तुकार नरहर मोहगावकरांचं, म्हणजे आमच्या सरांचं, घर आहे. लोखंड नाही, लाकूड नाही, नुसत्या विटांच्या कमानीचं छत. ते बघायला परदेशातून माणसं येतात. घर आणि कचेरी एकाच छताखाली. सर गेल्यावर ट्रस्टनं दोन्ही होतं तसं जपलं आणि आता संग्रहालय म्हणून उघडून दाराशी तिकीटखिडकी बसवली. ऐन विशीतली चार वर्षं मी या घरात नकाशे काढले, आणि आता तिकीट काढून आत जायचं. उगाचच चिडलो. खरं तर त्या घरावर चिडायचा मला काही अधिकार नव्हता.

माहिती सांगायला मयुरी नावाची मुलगी होती, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची, उत्साहानं फसफसलेली. मी नाव सांगितलं नाही. ‘ही कमान सरांना इथे, याच खुर्चीत सुचली,’ ती म्हणाली. खुर्ची बरोबर होती. बाकीचं खोटं होतं, आणि ते मुळात माझ्यामुळे सुरू झालेलं होतं.

कमान लहानू मिस्त्रीची. लहानूचं लहानपण वीटभट्टीवर गेलेलं. विटा एकीला एक रेलून लावल्या तर पडत नाहीत, हे त्याच्या हातांना माहीत होतं. सरांनी विचारलं, खालून फळ्यांचा आधार न देता छत होईल का? लहानू म्हणाला, ‘करून पाहू न.’ मागच्या भिंतीला टेकवून त्यानं पहिली रांग लावली, तिला रेलून दुसरी, आणि आठ दिवसांत आमच्या डोक्यावर छत होतं. सरांच्या कचेरीची रीतच उलटी होती. आधी मिस्त्रीनं जागेवर बांधून पाहायचं, मग मी टेप घेऊन ते मोजायचं आणि त्यावरून नकाशा काढायचा. म्हणून प्रत्येक नकाशाच्या खालच्या चौकटीत तीन ओळी असत: रचना, आलेखन, बांधणी. त्यांपुढे अनुक्रमे सरांचं, माझं आणि लहानूचं नाव. सगळं मराठीत, कारण ज्यानं बांधलं त्याला वाचता आलं पाहिजे हा सरांचा हट्ट. दिल्लीच्या पुरस्कारासाठी नकाशे मागवले तेव्हाही ते म्हणाले, ‘मराठीतच जातील. नागरी त्यांनाही येते.’

मयुरीचं बोलणं ऐकत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अश्विनभाऊ? तुम्हीच न?”

वळलो तर लहानूची बायको कांता. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी, सिंदीहून ऑटोनं आलेली. केस पार पिकले होते, पण मला लगेच ओळखू आली. चार वर्षं दुपारचं मी तिच्या हातची भाकर आणि वांग्याचं भरीत खाल्लंय. लहानूच्या डब्यात माझा वाटा ती वेगळ्या फडक्यात बांधून द्यायची.

“वहिनी,” मी म्हणालो. पांढऱ्या साडीकडे बघून पुढचं विचारवेना.

तिला ते कळलं असावं. “हाय तो. घरी हाय,” ती म्हणाली. “पण शुगरनं डोळे गेले त्याचे. दोन वर्षं झाले, काईच दिसत नाई. मले म्हणे, तू जाऊन पाहून ये. नकाशावर माह्यं नाव हाय, कोणत्या जागी लावला ते पाहून मले सांग. म्हणून आली. कुठं हाय हो तो नकाशा?”



तिसरी ओळ मी काढून टाकली होती. दिल्लीला पाठवायला नकाशांच्या नव्या प्रती शाईनं काढायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या आठवडाभर आधी नागपूरला कॉलेजचे मित्र भेटले होते. एकानं विचारलं, ‘म्हणजे मिस्त्री डिझाइन करतो आणि तू टेप धरतो?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसू आठवडाभर मला झोंबत राहिलं. नवी प्रत काढताना बांधणीची ओळ मी घातलीच नाही, आणि आलेखनापुढे ‘व रचना-साहाय्य’ असं जोडून माझं नाव लिहिलं. सरांनी न बघता सही केली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पुरस्कार मिळाला, पुस्तकांत तीच प्रत छापली गेली, आणि जुना नकाशा कचेरीतल्या वाळवीनं खाल्ला. सरांनी एकदाच विचारलं, ‘लहानूचं नाव दिसत नाही रे?’ मी म्हणालो, छापताना कड कापली गेली. त्या एका नकाशावर मला नागपुरात पहिली नोकरी मिळाली आणि पुढे स्वतःचं ऑफिसही झालं. लहानू बौद्ध, आम्ही मास्तरांच्या घरातले ब्राह्मण. पण याचा त्याच्याशी संबंध नव्हता असं मी स्वतःला सांगत आलो. दुसरा कुणी मिस्त्री असता तर मी असंच केलं असतं का, याचं उत्तर मात्र मला कधी देता आलं नाही.

“दाखवतो,” मी म्हणालो, आणि तिला मुद्दाम उलट्या बाजूला नेलं. आधी स्वयंपाकघर दाखवलं, मग न्हाणी, मग सरांची झोपायची खोली. वेळ काढत होतो, दुसरं काय. वाटलं, दमेल, बसेल, ऑटोवाला हाका मारेल. पण ती प्रत्येक भिंतीपाशी थांबून हात फिरवत होती.

“हा कोपरा त्यानं दोनदा पाडला होता,” ती म्हणाली. “रात्रभर झोपला नाई त्याच्यापायी. आता त्याले सांगीन, अजून सरळ हाय म्हणून. तुम्हाले आठवते का?”

आठवत होतं. दुसऱ्यांदा पाडला तेव्हा मी वैतागून त्याला बोललो होतो, कारण मला पुन्हा मोजावं लागणार होतं. ते काही मी तिला सांगितलं नाही.

शेवटी कचेरीची खोली आलीच. तो नकाशा समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, वर वेगळा दिवा लावून टांगला होता. मयुरी मागच्या खोलीत दुसऱ्या दोन पाहुण्यांना खुर्चीची गोष्ट सांगत होती. कांतावहिनीनं पदरानं तोंड पुसलं, पिशवी खाली ठेवली, जशी देवळात चप्पल काढावी तशी चप्पल काढली आणि चौकटीसमोर उभी राहिली.

“कुठं हाय?”

तेव्हा तरी मी खरं सांगू शकत होतो. खोलीत कोणी नव्हतं. पण मी बोट काचेवर टेकवलं, खालच्या चौकटीत, दुसऱ्या ओळीवर, माझ्याच नावावर, आणि म्हणालो, “हे बघा वहिनी. लहानू मिस्त्री.”

इतकं सहज म्हणालो की मलाच धक्का बसला. तिला वाचता येत नसणार, हे मी धरूनच चाललो होतो. कशावरून? कशावरूनच नाही.

ती वाकली. चष्मा नव्हता, म्हणून तोंड काचेच्या अगदी जवळ नेलं, आणि शाळेतल्या मुलासारखं नव्हे, नेहमी वाचणाऱ्या माणसासारखं सरळ वाचलं. “आलेखन व रचना-साहाय्य, अश्विन पळसोकर.” मग वरची ओळ वाचली. मग खाली तिसरी ओळ शोधली, कोऱ्या कागदावर बोट फिरवून पाहिलं.

“हे तं तुमचं नाव हाय, भाऊ.”

मी काचेवरचं बोट काढून घेतलं.

“मी सातवी शिकली हावो,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “बावीस वर्षं अंगणवाडी चालवली सिंदीले. तुम्हाले मालूम नव्हतं?”

नव्हतं. चार वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि ती दिवसभर काय करते हे कधी विचारलं नाही. त्या क्षणी मला नकाशापेक्षा याची जास्त लाज वाटली, आणि नकाशाची काही कमी वाटत नव्हती.

आम्ही बाहेर अंगणातल्या ओट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं, मित्रांच्या हसण्यापासून सरांना मारलेल्या थापेपर्यंत. माझे डोळे भरून आले. ते तिला दिसावेत असंही कुठेतरी वाटत होतं, हेही कबूल करतो. ती पिशवीतली पाण्याची बाटली काढून सावकाश पाणी प्याली.

“काऊन केलं असं?”

“जळत होतो त्याच्यावर.”

“तो तं तुमचं नाव घेऊन राह्यला अजून. नातीले सांगते, अश्विनभाऊचं अक्षर मोत्यावाणी होतं.”

“मी आत्ता तुमच्याबरोबर येतो,” मी म्हणालो. “त्याच्या पायावर डोकं ठेवतो. त्याला सगळं सांगतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अंगणवाडीतल्या, पाटीवर थुंकून पुसणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

“सांगून तुम्ही मोकळे व्हान. अन् तो? तो त्या अंधारात खाटेवर हे घेऊन पडून राहीन. त्याच्यापाशी आता उरलं काय हाय? हे एवढंच त उरलं हाय. नाई, तुम्ही येऊ नोका.”

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल, किंवा रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. या तिन्हींची मी इतक्या वर्षांत मनात तयारी केली होती. ही चौथी गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. क्षमा मागायलासुद्धा मला तिची परवानगी लागणार होती, आणि ती मिळत नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची नात काजल बोलत होती, घरून. ‘आजी, आबा कवाचे विचारून राह्यले,’ म्हणाली आणि फोन म्हाताऱ्याकडे दिला. वहिनीला कमी ऐकू येत असावं. तिनं स्पीकर लावलेला होता. लहानूचा आवाज मी तीस वर्षांनी ऐकला. जरा बसलेला, पण तोच.

“दिसलं का व?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

“दिसलं,” ती म्हणाली. “मोठ्या भिंतीवर हाय. वर लाइट लावला हाय.”

“कोणत्या जागी हाय?”

“तिसऱ्या ओळीत.”

“बराबर. तिसऱ्याच ओळीत होतं.” तिकडे तो कोणाला तरी, बहुतेक नातीला, ‘म्हणलं होतं न’ असं म्हणाला. “अन् अक्षर? अश्विनभाऊच्याच हातचं हाय न?”

“हो.”

“इमानदार पोरगा होता तो. नाईतं कोन लिवते मिस्त्र्याचं नाव. तिथं कोनाले विचारून पाहाय, त्याचा पत्ता भेटन. भेटला तं घरी घेऊन येजो त्याले, जेवाले.”

मी मान खाली घातली. ओट्याच्या विटांवर बोटं घट्ट दाबून धरली. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं आणि फोन हिसकावून ओरडावंसंही वाटत होतं. यातलं काहीच केलं नाही.

“भेटला तो,” वहिनी फोनमध्ये म्हणाली. “इथंच हाय. पण आता नाई येऊ शकत. काम हाय त्याले इथं.”

फोन बंद करून तिनं पिशवीत टाकला. “त्याच्यासंगं संसाराले त्रेचाळीस वर्षं झाले,” ती म्हणाली. “एकबी खोटी गोष्ट बोलली नोती त्याच्यापाशी. आज बोलली. तुमच्यासाठी नाई बोलली, हे ध्यानात ठेवजा. पंधरा दिवसांनी काजलची परीक्षा सरते. तिले घेऊन येतो इथं दाखवाले. तवा ते खरं असलं पाह्यजे.”

“असेल,” मी म्हणालो.

“तुमच्या हातानं लिवा. कम्प्यूटरनं नोको.”

ऑटोवाला खरंच हाका मारत होता. ती चप्पल सरकवत निघाली. फाटकापर्यंत पोचवायला मी उठलो तर तिनं हातानंच, नको, असं केलं. लहानू म्हणाला होता तरी जेवायला मात्र तिनं बोलावलं नाही.

मी आत गेलो. मयुरी टेबलापाशी पाहुण्यांची वही नीट करत होती. मी तिला माझं नाव सांगितलं. ती उभीच राहिली. ‘म्हणजे नकाशावरचे पळसोकर सर? तुमच्यावर तर माझा एक पूर्ण पेपर आहे,’ म्हणाली, आणि फोटो काढू का असं विचारू लागली. मी तिला बसायला सांगितलं. विश्वस्तांचा नंबर मागितला, आणि तिसरी ओळ माझ्या हातानं लिहायला एक कोरा कागद. त्या नकाशावर एक नाव नाही, ते कोणाचं, कमान कोणाची, खुर्चीची गोष्ट कशी खोटी आहे, हे सगळं तिला सांगायला दहा मिनिटं लागली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तरी ती चांगली मुलगी, माझ्यासाठीच वाट काढू बघत होती.

“म्हणजे सर, नवी प्रत काढताना तुमच्याकडून चुकून ती ओळ राहिली, असं माहितीफलकावर लिहू का?”

“चुकून नाही,” मी म्हणालो. “मी मुद्दाम काढली. तसंच लिही.”