हार्करबाईंच्या ट्रंकेतलं संगीत

सांगली स्टेशनच्या फलाटावर पोलिसांनी अंजनाची ट्रंक उघडली. वरच्या दोन साड्या बाजूला झाल्या आणि खाली नुसते कागदच कागद निघाले. पिवळे पडलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पाच-पाच आडव्या रेघा, त्यांवर काळे ठिपके, आणि ठिपक्यांच्या डोक्यावर पेन्सिलीनं केलेल्या बारीक फुल्या आणि आकडे.

फौजदारांनी एक कागद उजेडात धरला. "हे काय?"

"संगीत आहे. पियानोवर वाजवायचं."

"आणि या फुल्या, हे आकडे?"

"कुठलं बोट कुठं ठेवायचं, ते."

फौजदार हसले नाहीत. साल त्रेचाळीसचं. सातारा जिल्ह्यात रूळ उखडले जात होते, तारा तुटत होत्या, आणि अंजनाचा धाकटा भाऊ कृष्णात वर्षभर फरारी होता.

"बाई, साताऱ्याहून असले कागद येतात आणि तुमचा भाऊ भूमिगत. मी काय समजायचं?"

ट्रंक चौकीवर गेली.

अंजनाचे वडील पलटणीत सुभेदार होते. ते लढाईत पडले आणि घरच्यांनी तिला साताऱ्याच्या मिशनच्या शाळेत ठेवलं. तिथं हार्करबाईंनी तिला पियानो शिकवला. आता ती सांगलीत मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. त्या थंडीत हार्करबाई वारल्या. बंगला आवरायला अंजना गेली, तर ही ट्रंक न्हाणीघरात बंबाशेजारी! निम्मे कागद पाणी तापवण्यात जळून गेले होते. उरलेले बाईंच्या आजीचे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विलायतेत बायका दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर वाजवत त्या या चाली. रचणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नव्हती. 'गलबतांचा निरोप' नावाची एक तर कुणा बाईनंच रचलेली. अंजनानं ती रिकाम्या बंगल्यात वाजवली. हात थांबले तेव्हा तिच्या मनात आलं, आज ही चाल बहुधा आपल्या एकटीलाच माहीत आहे. ते तिला सोसेना. विश्रामबागेतल्या एका वकिलांकडे पियानो होता. साताऱ्याहूनच पत्र टाकून तिनं त्यांना विचारलं होतं आणि येत्या रविवारी ओळखीच्या बायकांना ऐकायला बोलावलं होतं.

"मी वाजवून दाखवते," ती चौकीत म्हणाली.

"तुम्ही काहीही वाजवाल आणि कागदावर हेच आहे म्हणाल." फौजदारांनी थोडा विचार केला. "तासगावात आकाराम बँडवाला आहे. पलटणीच्या बँडमध्ये होता. त्याला ही लिपी येते म्हणतात. पान मी काढीन. दोघांनी एकमेकांचं न ऐकता तेच पान वाजवायचं. जुळलं नाही तर कागद जाळीन आणि तुम्हाला आत घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या बंगल्यात पोलीस उभे राहिले. आकारामला दूर रस्त्याच्या टोकाला टांग्यात बसवून ठेवलं. फौजदारांनी ट्रंकेतून एक पान ओढलं. ते 'गलबतांचा निरोप'चंच होतं. अंजनानं ते नीट वाजवलं. मग तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आकारामला आत आणलं.

"साहेब, ह्ये दोन हातांचं हाय," तो पान न्याहाळत म्हणाला. "माझ्या क्लॅरोनेटात वरच्या वळीचंच बसंल."

"वाजव."

तो अडखळत वाजवू लागला. चाल तीच होती, पण सगळीच्या सगळी एक सूर खाली.

"थांब!" फौजदार ओरडले. "हे ते नव्हे. ते वर होतं."

"साहेब, लिवलंय त्येच वाजिवलं. देवाशपथ." आपणही अडकलो, असं म्हाताऱ्याला वाटलं.

अंजना वळून उभी राहिली. "साहेब, चाल तीच आहे. पट्टी उतरली आहे. त्यांच्या वाद्याची बनावटच तशी असेल."

"व्हय, व्हय!" आकारामला आठवलं. "पलटणीची नळी एक सूर खालीच बोलती. बँडात आमची पानं येगळी लिवून द्येत हुते."

"आता दोघं मिळून रचून सांगताय!" फौजदार म्हणाले.

"मला त्यांच्या पट्टीत वाजवू द्या," अंजना म्हणाली. "बरोबर. एकाच वेळी. चाल एकच असेल तर सूर जुळतील."

तिनं हे कधी केलं नव्हतं. डोळ्यांनी एक सूर वाचायचा आणि बोटांनी त्याच्या खालचा दाबायचा. फौजदारांनी होकारार्थी मान हलवली.

"आकारामदादा, पहिल्यापासून. मी चुकले तरी थांबू नका."

दुसऱ्याच ओळीत ती चुकली. आकाराम थांबला नाही. ती उडी मारून त्याला गाठायला गेली, पुन्हा निसटली, आणि मग एकदम दोघांचे सूर एकमेकांवर बसले. पुढं पानाच्या शेवटापर्यंत ते सुटले नाहीत.

फौजदारांनी पेन्सिलीच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "इथं तीन आहे."

"फुली म्हणजे अंगठा. आकडे तर्जनीपासून मोजा." तिनं तो सूर दाबून दाखवला. पियानोच्या पट्टीवर तिसरं बोट, अनामिका, आपसूक पडलं होतं.

त्यांनी आणखी चार-पाच जागा तपासल्या. मग ट्रंक तिच्याकडे सरकवली. काही पानं 'वर पाठवायला' म्हणून ठेवून घेतली, ती कधीच परत आली नाहीत. जाताना ते म्हणाले, "रविवारचा कार्यक्रम मात्र नाही. जमावबंदी आहे. पाच माणसं एका जागी दिसली तर उचलीन."

ते गेल्यावर अंजनाला रडू फुटलं. आकाराम दाराशी घुटमळला. "बाई, त्येवढी चाल मला लिवून द्याल? माझ्या पट्टीत?"

"देईन. पण रविवारी या."

रविवारी दुपारी ती खोलीत एका वेळी तिघी बायकांनाच घेऊन बसली. त्यांचं ऐकून झालं की पुढच्या तिघी. बाकीच्या बायका आवारात लांब-लांब बसून होत्या, कुणी विहिरीजवळ, कुणी चिंचेखाली, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या. आकाराम ओसरीवरून साथ देत होता. वकिलांची स्वयंपाकीण मनुबाई फाटकाकडं लक्ष ठेवून होती.

सायकलवरून एक शिपाई आला. त्याला पाहून मनुबाई दचकली. आत अंजनानंही त्याला खिडकीतून पाहिलं. तिचे हात क्षणभर अडले, पण तिनं वाजवणं सोडलं नाही.

शिपायानं आवारभर नजर फिरवली. ओठ हलवत बायका मोजल्या.

"आत किती हाईत?"

"चौघी. वाजवनारी धरून," मनुबाई म्हणाली.

"मग मी आत आलो तर पाच हुत्यात," तो म्हणाला. त्यानं सायकल कुंपणाला टेकवली, टोपी काढली आणि रस्त्याच्या बाजूला उभा राहून ऐकू लागला.