बोलेल त्याच्याकडे वळणारा कॅमेरा

आमच्या सासूबाईंना ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात. मामंजी मात्र दोघांच्या वाटचं तोंडाने बोलतात.

दूरगावी राहणाऱ्या नणंदेच्या तीन वर्षांच्या लेकीलाही ऐकू येत नाही. नणंद जीव तोडून खुणा करायची, पण पोरगी हातांकडे ढुंकून बघेना. शेवटी सासूबाईंनी कंबर कसली. शिंकणाऱ्या हत्तीची गोष्ट रेकॉर्ड करून नातीला पाठवायची. त्यांची स्वतःची मुलं खुणा शिकली ती त्याच गोष्टीवर.

फोनच्या चौकटीत सासूबाईंच्या हाताची सोंड मावेना. फोन लांब ठेवला तर बोटं दिसेनात. मग आमच्या ह्यांनी ऑफिसातला मीटिंगचा कॅमेरा आणून दिला आणि स्वतः दौऱ्यावर गेले. कॅमेरा अतिहुशार. जो बोलेल त्याच्याकडे आपणहून मान वळवायचा. ही खोड बंद कशी करायची ते ह्यांनाच ठाऊक, आणि हे फोन उचलतील तर शपथ.

सासूबाईंनी सोंड उगारली.

“आता बघ हं, शिंकेल,” मामंजी मला म्हणाले.

कॅमेरा गर्रकन वळला. शिंकेच्या जागी मामंजींचं नाक.

त्यांना गप्प बसवलं, तर कॅमेरा घरघरणाऱ्या फ्रिजकडे बघत बसला.

‘या घरात माझ्याकडे कुणी बघणार आहे का?’ सासूबाईंनी हातांनी विचारलं. हसतच विचारलं, पण मग हात मांडीवर ठेवून दिले. मला एक युक्ती सुचली.

“मामंजी, तुम्ही आईंच्या खुर्चीमागे खाली बसा आणि बोलत राहा.”

“काय बोलू?”

“हे तुम्ही विचारताय?”

गळक्या नळाची हकिकत सुरू झाली. कॅमेऱ्याची नजर सासूबाईंवर खिळली. हत्ती आला, नाक चाळवलं, सोंड वर गेली, दणकून शिंक. तेवढ्यात खुर्चीमागून मामंजींचं टक्कल हळूच उगवलं, आणि माझे डोळे बघून बुडालं.

‘पुन्हा काढू या?’ मी खुणेने विचारलं.

‘राहू दे. हत्ती दमला.’

आठवडाभराने नणंदेचा व्हिडिओ आला. पोरीने दंडाची सोंड केली, डोळे मिटले, शिंकली. मग मुठीचा गोळा खांद्यामागून वर काढला आणि बुडवला. नणंदेने खाली लिहिलं होतं, ‘दिवसभर हेच. टकलू कुठे गेला म्हणून हातांनी विचारते.’

“बघ, माझं काम आवडलं तिला,” मामंजी मला म्हणाले.

सासूबाईंनी आधी डोळे पुसले, मग हात उचलले.

‘माझ्या गोष्टीतही मधे घुसलातच. चला, बसा खुर्चीमागे. आता उंदराची गोष्ट.’