दारात थांबलेली पोर

आमच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या सगळ्याजणी जेलमधून सुटून आलेल्या. मीसुद्धा. नवी बाई सुटली की आमच्यातलीच एक तिला आणायला जाते, झोपायला जागा देते, इस्त्री शिकवते आणि रडायला लागली तर शेजारी बसते. भाषणं देणारे पुष्कळ येऊन गेले. पण तिचं दुखणं आम्हालाच कळतं.

घुमीला मी आणली. हे नाव आम्हीच ठेवलं, कारण बाई तोंडच उघडायची नाही. गुन्हा दिराचा. चोरीचा माल त्याने हिच्या कपाटात लपवला, सापडला आणि भोगलं हिने. नवरा आधीच वारलेला, मुलगी दिराच्या घरात, मग कोर्टात बोलणार काय कपाळ? आता तिला एकच ध्यास, पोरीजवळ राहायचं.

दीर एकदा लॉन्ड्रीत येऊन गेला. वहिनी, घर तुमचंच आहे, पोरगी वाट बघतेय, लोकांचे कपडे कशाला धुता? इतकं गोड बोलला की माझं डोकंच फिरलं. तो गेल्यावर मी घुमीला चांगलं फैलावर घेतलं. हा काय मायेपोटी नेतोय होय तुला? तू नजरेसमोर राहावीस, कुठे बोलू नयेस, म्हणून नेतोय. ती खाली मान घालून इस्त्री फिरवत राहिली. शेवटी म्हटलं, जा बाई, पण पहिल्या खेपेला मी बरोबर येणार.

घर चौथ्या मजल्यावर, नको इतकं लखलखीत. दिराने आम्हाला सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, माझीही विचारपूस केली. क्षणभर मलाच वाटलं, आपलं मन काळं, माणूस बरा दिसतोय. मग त्याने पोरीला हाक मारली.

ती पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि दारात थांबली. दार सताड उघडं होतं. समोर आई बसलेली, इतक्या वर्षांनी, आणि पोर पाऊल पुढे टाकेना. नजर खाली, टाचा जुळवलेल्या. दिराने बोट हलवलं, तेव्हा कुठे ती आत आली.

हे उभं राहणं मी ओळखते. सुटून आलेली प्रत्येक बाई सुरुवातीला अशीच उघड्या दारात हुकमाची वाट बघत थांबते. आम्ही तिची थट्टा करतो आणि हाताला धरून आत ओढतो. पण या पोरीने जेल कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

घुमीचा चेहरा पांढराफटक पडला. दीर चहाचं बघायला उठला, तशी मी तिच्या कानाशी लागले, पोरीला घे आणि चल. तिने मानेनेच नाही म्हटलं. पोरीचा ताबा त्याच्याकडे होता. आम्ही खाली उतरायच्या आत त्याने पोलिसांना फोन केला असता, आणि जेलमधून आलेल्या दोन बायकांचं कोण ऐकणार? मेलं, हे मलाही माहीत होतं. मला रडू यायला लागलं, रागाने.

तो परत आला. "भावोजी," घुमी म्हणाली, चांगली मोठ्याने, "मी आजपासून इथेच राहते. हिच्या खोलीत झोपेन."

"राहा की," तो हसून म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळला. मावशी, तुम्हाला उशीर होत असेल.

मी काही केल्या उठेना. घुमीनेच मला दारापर्यंत आणलं आणि माझा हात असा दाबला की हाडं कळवळली.

"मावशी, तू जा," ती पुटपुटली. "पण लांब जाऊ नकोस."

दार लागलं. आतून एक कडी सरकली, मग दुसरी, मग कुलपात किल्ली फिरली, आणि तीही भरदुपारी.

मी खाली उतरलेच नाही. तिथेच पायरीवर बसले आणि लॉन्ड्रीत फोन लावला. पलीकडून विचारत होत्या, काय झालं, घुमी कुठाय.

"कपडे भिजतायत ते भिजू देत," मी म्हटलं. "सगळ्याजणी इकडे या."